गोधडीवर उभं राहताना

तोंडाला साबण लावून डोळे मिटले की माझा झोक जायचा. 2022 च्या जानेवारीतली गोष्ट. बेसिनसमोर उभी असायचे, दोन्ही हात चेहऱ्यावर, आणि कुणी मागून पदर ओढावा तसं अंग मागे जायचं. डोळे उघडले की सगळं जागच्या जागी. चार-पाच दिवस मी घरात काही बोलले नाही. थंडी आहे, कामाचा शीण आहे, असं मनाशी म्हणत राहिले. मग एका सकाळी झोक गेला, सावरायला पुढे झुकले आणि कपाळ नळावर आपटलं. आवाज ऐकून सासूबाई धावत आल्या. रक्त नव्हतं, टेंगूळ आलं होतं. "चक्कर आली का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही आई, चक्कर नाही. डोळे मिटले की मी कुठे उभी आहे तेच कळत नाही."

हेच वाक्य मी पुढे मेंदूच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, मला उभं केलं, दोन्ही पावलं जुळवायला लावली आणि म्हणाले, "आता डोळे मिटा, मी धरलंय." तीन सेकंदांत मी त्यांच्या हातावर होते. या तपासणीला रोम्बर्गची चाचणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या रोम्बर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावावरून ते नाव पडलं. बेसिनपाशी माझी तीच चाचणी रोज होत होती.

खरं तर आजार त्याच्याही आधी येऊन गेला होता. मी नाशिकमध्ये अंबडला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, इन्स्पेक्शनचं काम. दिवसभर हातात मापं घ्यायचं व्हर्नियर नाहीतर डायल गेज. नापास मालाला लाल टॅग लावतात. 2021 च्या पावसाळ्यात मला उजव्या डोळ्याने तो टॅग विटलेला दिसायला लागला, जुन्या कुंकवासारखा. डावा डोळा झाकला की विटका, उजवा झाकला की लालभडक. डोळा फिरवला की आतून दुखायचा. तेव्हा ज्यांना दाखवलं त्यांनी डोळ्यांवर ताण आहे, टेन्शन घेता, असं सांगून थेंब दिले. दीड महिन्यात नजर आपोआप बरीच सुधारली आणि आम्ही ते विसरलो. डोळ्याच्या नसेला आलेली ती सूज होती हे सहा महिन्यांनी कळलं. त्या सहा महिन्यांचा मला आजही राग येतो. कुणा तरुण बाईला डोळा हलवताना दुखत असेल आणि रंग फिका दिसत असेल, तर तिने थेंबांवर थांबू नये, एवढं मी भेटेल तिला सांगते.

एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं, आणि नाव मिळालं: मल्टिपल स्क्लेरोसिस. एमएस. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरच्या आवरणावर उलटते. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला हे फार समजवावं लागत नाही. वायरचं इन्सुलेशन जागोजागी सोललं की करंट कुठे उशिरा पोचतो, कुठे पोचतच नाही. माझ्या मानेतल्या मणक्यात एक मोठा डाग होता. त्यामुळे उजव्या पायाला मुंग्या आणि तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटायचं. पाच दिवस रोज 1 ग्रॅम स्टिरॉईड सलाईनमधून घेतलं. नवे अटॅक, म्हणजे या आजाराचे नवे झटके, थोपवण्यासाठी दिवसातून दोनदा घ्यायची कॅप्सूल सुरू झाली. पायात ताकद परत आली. तोल मात्र आला नाही. मला वाटलं होतं दोन्ही बरोबरच येतील.

पहिल्यांदा ज्या ठिकाणी फिजिओथेरपीला पाठवलं तिथे दहा दिवस शेक आणि करंट दिला. गरम पॅडवर पाय ठेवून झोपायचं आणि उठून रिक्षाने घरी यायचं. रोज येताना पाय जास्तच जड झालेला असायचा. एमएसच्या माणसाला उष्णता बाधते हे तिथे कुणी सांगितलं नाही, मला माहीत नव्हतं. अकराव्या दिवशी मी गेलेच नाही. आमच्या ह्यांनी मग गंगापूर रोडला एक फिजिओ शोधून काढल्या, मेंदू आणि मणक्याच्या पेशंटवरच काम करणाऱ्या. आता चार वर्षं होत आली, मी त्यांना मॅडम म्हणते आणि त्या मला ताई म्हणतात.

त्यांनी पहिल्या दिवशी मशीन लावलं नाही, माप घेतलं. मला तिथेच बरं वाटलं. बर्ग बॅलन्स स्केल नावाची एक चाचणी असते, 14 कामं, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 56. हात न टेकता खुर्चीतून उठा. दोन मिनिटं आधाराशिवाय उभ्या राहा. डोळे मिटा. जमिनीवरची चप्पल उचला. जागच्या जागी पूर्ण गिरकी घ्या. एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवून उभ्या राहा. एका पायावर उभ्या राहा. साधीच कामं, घरात आपण ती करतो हेही आपल्या लक्षात नसतं. माझे 40 आले. उजव्या पायावर मी 2 सेकंद उभी राहिले. मग खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. त्याला 13.8 सेकंद लागले. मॅडम लिहीत होत्या, मी तिकडे बघत होते. नोकरीत मी रोज दुसऱ्याच्या मालाचं माप काढते. त्या दिवशी माझं निघालं.

मग त्यांनी जे समजावलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे. "ताई, तोल म्हणजे शरीरात कुठे एक बटण नसतं. मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी येते. डोळे सांगतात आजूबाजूला काय सरळ आहे. कानाच्या आतला भाग सांगतो डोकं कुठे झुकलंय, किती वेगाने वळलंय. आणि तळवे, घोटे, गुडघे सांगतात जमीन कशी आहे, वजन कुठे पडलंय. तुमच्या तळव्यांची बातमी उशिरा येते आणि अर्धवट येते. म्हणून तुम्ही सगळं डोळ्यांवर टाकलंय. चालताना बघा, तुम्ही सतत खाली बघता." खरंच बघत होते. "डोळे मिटले की उरले कान, आणि त्यांचं ऐकायची मेंदूला सवयच नाही. आपल्याला ती सवय लावायची आहे. आणि तळव्यांकडून जी काही थोडी बातमी येते, ती फुकट जाऊ द्यायची नाही."

सिडकोहून गंगापूर रोडला रोज जाणं शक्य नव्हतं. नोकरी, मुलाची शाळा, रिक्षाचा खर्च, आणि जाऊन येण्यातच निम्मी ताकद संपायची. म्हणून घरीच करायचं ठरलं, पंधरा दिवसांतून एकदा दाखवायचं. पण त्याआधी मॅडमनी ह्यांच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल करून आमचं घर पाहिलं. जुन्या स्कीममधलं सिडकोचं घर आमचं, खाली दोन खोल्या, वर एक. त्यांनी हॉलमधला देव्हाऱ्याशेजारचा कोपरा निवडला. दोन भिंती जुळतात तिथे पाठ करून उभं राहायचं, समोर खुर्ची, खुर्चीची पाठ आपल्याकडे. मागे गेले तर भिंत, बाजूला गेले तर भिंत, पुढे गेले तर खुर्ची. प्लॅस्टिकची खुर्ची चालणार नाही, ती आपल्यासकट सरकते. सासऱ्यांची सागवानी खुर्ची माळ्यावरून खाली आली. दारातली पायपुसणी गेली. मोरीच्या उंबऱ्यावर मी कारखान्यात फरशीला लावतात तशी पिवळी-काळी पट्टी चिकटवली, कारण उजवं पाऊल तिथेच अडकायचं. व्यायाम अनवाणी किंवा मागून बंद बुटात करायचा. सपाता बाद.

सुरुवात इतकी छोटी होती की सासूबाईंना तो व्यायाम वाटेना. पावलं जुळवून 30 सेकंद उभं राहायचं. तीन वेळा. मग एका पावलाचा अंगठा दुसऱ्या पावलाच्या टाचेशेजारी आणून तसंच. मग ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलायच्या, पाय बाजूला न्यायचा, खुर्चीतून हात न लावता दहादा उठायचं. वीस मिनिटं, तीही दहा-दहाच्या दोन हप्त्यांत. मला तासभर करायची हौस होती. मॅडमनी बजावलं, "थकून केलेला शेवटचा सेट शिकवत नाही, पाडतो." एमएसचा थकवा कामाच्या थकव्यासारखा नसतो. झोप काढली की जातो असंही नाही. दुपारी तीनला कधी कधी असं वाटतं की अंगावर ओली सतरंजी टाकलीय. म्हणून व्यायामाची वेळ सकाळी सहाची, कुकर लावायच्या आधीची.

किती अवघड करायचं याचं मॅडमचं माप मला फार उपयोगी पडलं. दहापैकी एकदाही खुर्चीला हात लागला नाही तर व्यायाम सोपा झालाय, बदला. दर वेळी लागला तर अवघड आहे, एक पायरी खाली या. दोन-तीनदा लागला पाहिजे. शरीर डगमगलं आणि त्याने स्वतःला सावरलं, तो सावरण्याचा क्षण म्हणजे व्यायाम. न डगमगता उभं राहणं म्हणजे नुसतं उभं राहणं.

महिन्याभराने गोधडी आली. फोमचा तुकडा विकत आणायचा होता, पण मॅडम म्हणाल्या घरात जाड गोधडी असेल तर ती चालेल. सासूबाईंनी त्यांच्या आईने शिवलेली गोधडी काढली, जुन्या नऊवारींच्या थरांची. तिच्या चार घड्या करून कोपऱ्यात घातली, खाली रबराची मॅट, घसरू नये म्हणून. मऊ जागेवर उभं राहिलं की तळव्यांची बातमी आणखी पुसट होते आणि मेंदूला कानाचं ऐकावंच लागतं. गोधडीवर पहिल्यांदा डोळे मिटले तो क्षण मला अजून आठवतो. खाली काहीच नाही असं वाटलं. घोटे स्वतःहून थरथरायला लागले, बोटं गोधडीत रुतली, जणू पावलं अंधारात काहीतरी चाचपडत होती. 3 सेकंदांत खुर्ची धरली. वहीत लिहिलं: गोधडी, डोळे बंद, 3. ती वही कारखान्यातल्या इन्स्पेक्शन रिपोर्टसारखीच आखली होती. तारीख, व्यायाम, तीन रीडिंग, शेरा. शेऱ्यात झोप, पाळी, ताप, ऊन यांची नोंद. महिनाभराने वही चाळली तेव्हा दिसलं की ज्या रात्री झोप झाली नाही त्या सकाळी आकडे हटकून खाली गेलेत.

कालनिर्णयचाही व्यायाम होता. कॅलेंडर डोळ्यांच्या उंचीला, हातभर अंतरावर टांगायचं. एका तारखेच्या आकड्यावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवी हलवायची, आकडा हलता कामा नये. मग मान वर-खाली. आधी बसून, मग उभ्याने, मग पावलं जुळवून. पहिल्या आठवड्यात आकडा पुसला जायचा आणि मळमळायचं. मॅडमनी सांगितलं होतं की असं होईल, वेग कमी करा, बंद करू नका. तीन आठवड्यांत मळमळ गेली. त्यानंतर एकदा त्रिमूर्ती चौकात रस्ता ओलांडताना मी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं आणि तशीच चालत राहिले. आधी मान वळवायला मला थांबावं लागायचं. रस्त्याच्या मधोमध थांबणारी बाई पाहून मागचे हॉर्न वाजवायचे. त्या दिवशी कुणी वाजवला नाही.

एप्रिल-मे मध्ये नाशिक 40 च्या घरात जातं. एका रविवारी सकाळचा व्यायाम राहिला म्हणून मी संध्याकाळी साडेपाचला गच्चीवर केला. दहा मिनिटांत पाय मेणासारखे झाले आणि उजव्या डोळ्यासमोर धुकं आलं. मी घाबरले, नवा अटॅक आला म्हणून रडायला लागले. ह्यांनी खाली आणून पंख्याखाली बसवलं, मानेवर ओला पंचा टाकला, आणि पाऊण तासात नजर परत आली. याला उथॉफची घटना म्हणतात. 1890 मध्ये उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की व्यायाम केल्यावर अशा पेशंटची नजर काही वेळ मंदावते. उघड्या पडलेल्या नसेतून गरम अंगात संदेश नीट जात नाही. अंग थंड झालं की पुन्हा जातो. त्यात नवं नुकसान होत नाही. पुढे कितीतरी वर्षं एमएसच्या लोकांना व्यायाम करूच नका, पडून राहा, असं सांगितलं जायचं. सासूबाईंच्या बहिणी आजही मला तेच सांगतात. त्यांची माया मला कळते. पण पडून राहून पाय आणखी गळतात हेही मी पाहिलंय. तेव्हापासून व्यायामाआधी गार पाण्याने हात-तोंड धुते, मानेला ओला पंचा असतो, माठ शेजारी असतो.

आता पडले त्याबद्दल. ऑगस्ट 2022. आकडे चढत होते, मला धीर आला होता. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, एका पायावर डोळे मिटून उभं राहायचं. तो धडधाकट माणसांसाठीचा व्यायाम होता. मी कोपऱ्यात गेले नाही, हॉलच्या मधोमध उभी राहिले, घरात कुणी नव्हतं. उजवा पाय उचलला, डोळे मिटले, आणि पुढचं आठवतं ते टीपॉयच्या काचेचा आवाज. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. पाच आठवडे प्लॅस्टर. त्याहून वाईट म्हणजे मी तशीच वीस मिनिटं फरशीवर पडून होते, कारण एक हात गेल्यावर जमिनीवरून उठायचं कसं ते मला येत नव्हतं. मुलगा शाळेतून आला तेव्हा त्याने दार वाजवलं आणि मी आतून "थांब, येते" म्हणत राहिले. येता येत नव्हतं. तो शेजारच्या काकूंना घेऊन आला. त्यांच्याकडे आमची चावी असते.

मॅडम रागावल्या नाहीत. प्लॅस्टर निघाल्यावर त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे. तुम्हाला उभं राहायला शिकवलं, उठायला शिकवलं नाही." आणि त्या पुढच्या शनिवारी स्वतः घरी आल्या. जमिनीवर सतरंजी घातली, गोधडी घातली. मला झोपवलं. आधी थांबायचं, कुठे लागलंय ते बघायचं, घाईने उठायचं नाही. मग कुशीवर वळायचं. कोपर टेकून उठतं व्हायचं, मग हात आणि गुडघ्यांवर, रांगत्या बाळासारखं. तसंच खुर्चीपर्यंत जायचं. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर. बळकट पाय पुढे, पाऊल फरशीवर सपाट. माझा डावा. मग हातांवर आणि त्या पायावर भार देऊन वर, वळायचं, बसायचं. बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही.

सासूबाई बघत होत्या. त्या 71 वर्षांच्या. मी तिसऱ्यांदा उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "मलाही दाखवा. मागच्या वर्षी न्हाणीघरात पडले तेव्हा मी माझ्या मुलाला हाक मारून मारून दमले होते. हिला सांगितलं नव्हतं." मला हे माहीतच नव्हतं. त्यांनी नऊवारीचा काष्टा सावरला आणि माझ्या शेजारी गोधडीवर आडव्या झाल्या. आम्ही दोघी एकाच वेळी कुशीवर वळलो. त्या गुडघ्यांवर आल्या, खुर्चीपर्यंत रांगल्या, आणि खुर्चीवर हात ठेवून दम घ्यायला थांबल्या, डोकं हातांवर टेकून. मॅडमनी त्यांच्या पाठीला हात लावला पण उचललं नाही. "तुम्ही उठा आजी, मी आहे." त्या उठल्या. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी आम्ही दोघी हे करतो. पडायची भीती गेली असं मी म्हणणार नाही, पण ती पूर्वी पायात असायची, आता डोक्यात असते. पाय मोकळे झालेत.

पुढच्या टप्प्यात सासूबाई माझ्या गुरू झाल्या. घरात माणूस नुसता चालत नाही, बोलत चालतो, हातात काहीतरी घेऊन चालतो, आणि एमएसमध्ये दोन कामं एकदम आली की चाल बिघडते. म्हणून फरशीच्या सांध्याच्या रेघेवर टाच-अंगठा जुळवत चालायचं आणि त्याच वेळी पाढे म्हणायचे. सासूबाई ओट्यापाशी भाजी निवडत विचारायच्या, "सतरा साते?" मी एक पाऊल टाकून, "एकशे एकोणीस." "एकोणीस आठे?" इथे पाऊल रेघेबाहेर जायचं. कधी हातात पाण्याने भरलेलं फुलपात्र. कधी मुलगा कोपऱ्यातून चेंडू टाकायचा आणि मी तो गोधडीवर उभी राहून झेलायचे. पायरीचा व्यायाम जेवायच्या पाटावर सुरू केला होता, पण पाट फरशीवर सरकला, म्हणून तो जिन्याच्या खालच्या पायरीवर नेला, कठड्याला हात लावून.

सगळं चढतच गेलं असं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये दोन दिवसांत पाय पुन्हा लाकडासारखा झाला. वहीत आकडे निम्म्यावर. आम्ही डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी लघवी तपासायला लावली. जंतुसंसर्ग निघाला. अंगात ताप किंवा संसर्ग असला की जुनी लक्षणं डोकं वर काढतात, तो खरा अटॅक नसतो. खऱ्या अटॅकची लक्षणं चोवीस तासांपेक्षा जास्त टिकतात आणि त्यामागे ताप किंवा संसर्ग नसतो. आठवडाभराच्या अँटिबायोटिकने पाय परत आला, स्टिरॉईड वाचलं. वही दाखवली नसती तर दोन दिवसांत किती फरक पडला हे मला नेमकं सांगता आलं नसतं.

2024 च्या मार्गशीर्षात सासूबाईंना गोदाघाटावर दिवा सोडायचा होता. मंगळवार होता, गर्दी नव्हती. 2015 च्या सिंहस्थात मी त्यांचा हात धरून याच घाटावर गर्दीतून वाट काढली होती, तेव्हा आधार मी होते. आता माझ्या हातात काठी होती आणि मला तिची लाज वाटत नव्हती. दगडी पायऱ्या ओल्या, कडा झिजलेल्या, उजेड कमी. तळव्यांनाही कमी कळत होतं, डोळ्यांनाही. ह्यांच्या खांद्याला हात लावून, बळकट पाय आधी खाली न नेता उजवा आधी नेऊन (उतरताना कमजोर पाय पहिला, चढताना बळकट पाय पहिला, हे मॅडमचं पाठ करून घेतलेलं) मी पाण्याच्या दोन पायऱ्या वर येऊन उभी राहिले.

आणि तिथे एक नवीन गोष्ट घडली. मी वाहत्या पाण्याकडे बघितलं आणि मला वाटलं, पाणी स्थिर आहे आणि मी डावीकडे चाललेय. इतकी वर्षं ज्या डोळ्यांवर मी सगळा भार टाकला होता, ते डोळेच खोटी बातमी देत होते. पूर्वी असं झालं असतं तर मी त्यांचं ऐकून उलट्या बाजूला झुकले असते आणि पाण्यात गेले असते. घोटे थरथरले. बोटांनी बुटातल्या बुटात दगड चाचपला, तसाच, गोधडीवर चाचपतात तसा. डोकं सरळ आहे हे आतून कळत होतं. मी नजर पाण्यावरून उचलली आणि पलीकडच्या काठावरच्या एका दगडी दीपमाळेवर रोखली, कालनिर्णयच्या तारखेवर रोखते तशी. जग थांबलं. सासूबाईंनी द्रोणातला दिवा पाण्यात सोडला आणि वळून मला विचारलं, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "हो आई, उभी आहे."

शनिवारी मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी फाइल बंद केली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, कोणता पाय पुढे होता, नजर कुठे होती. त्या महिन्यात बर्गचे 49 आले. 3 मीटरला 10.6 सेकंद. उजव्या पायावर 8.

कारखान्यात आता मला इन्स्पेक्शन टेबलाशी उंच स्टूल मिळालं आहे. एमएस 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत येतो, हे मला दुसऱ्या एका पेशंटने सांगितलं आणि मी अर्ज केला. बरेच जण हे माहीत नसल्यामुळे मागतच नाहीत.

आज सकाळची नोंद अशी: गोधडी, पावलं जुळवून, डोळे बंद, 26, 30, 28. तेच मान वळवत केलं तर 4, 3, 4. हा आकडा पाच महिने हललेला नाही. शेरा: झोप बरी, खुर्चीला हात दर वेळी. दर वेळी लागतोय म्हणजे अवघड आहे. मॅडम म्हणाल्यात, उद्यापासून गोधडीची एक घडी कमी करा, आणि मान वळवताना आईंना शेजारी उभं राहू द्या.